माझ्या उन्हावर आठ पॅनेलं

आमच्या स्लॅबच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन असतं, आणि ते ऊन माझं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते वाचून कुणी नावं ठेवायला नकोत. ठेवलीत तरी माझं काही बिघडत नाही म्हणा.

घरावर स्लॅब पडला त्याला झाली तीस वर्षं. तेव्हापासून दर मे महिन्यात मी त्या कोपऱ्यात रायवळ आंब्याच्या पोळ्या वाळवते, झालंच तर कोकमाची सोलं. बाकीच्या स्लॅबवर एका अंगाला माडांची सावली, दुसऱ्या अंगाला फणसाची. अंगणात घालावं तर रस्त्याची तांबडी धूळ आणि शेजारच्या कोंबड्या. तेवढा एक कोपराच काय तो स्वच्छ आणि तापलेला.

आमचे हे शाळेत विज्ञानाचे मास्तर होते. निवृत्त झाले आणि घरची वीज घरीच तयार करायची हुक्की आली. मला म्हणाले, "अगो, आपल्याकडे सोलर येतंय." येऊ दे की! मी दोन दिवस माहेरी गेले, परत येऊन बघते तर माझ्या कोपऱ्यात आठ पॅनेलं ऐटीत उभी. एका शब्दाने विचारलं नाही मला. डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आता तरी विचारतील, तुझं काय वाळत होतं इथे? नाही विचारलं. मग मीही तोंड उघडलं नाही. माझा स्वभावच तसा आहे, त्याला काय करू?

त्या वर्षी पोळ्या अंगणात वाळवल्या. वाळल्या कसल्या, कुबट झाल्या. ठाण्याहून मुलीचा फोन आला, "आई, यंदा पोळीला वास येतोय गं." फोन ठेवला आणि मला रडूच आलं. इतक्या वर्षांत माझ्या पोळीला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात मी सरळ पॅनेलांवर चाल केली.

खरं सांगते, पोळी वाळवायला पॅनेलासारखी जागा नाही. काच गुळगुळीत, खालून चांगली धग, आणि उतार असल्यामुळे पाणी साचत नाही. ओला रस त्यावर ओतला तर घरंगळेल, म्हणून पहिल्या दिवशी ताटांत घट्ट करून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पोळी सोडवून पारदर्शक प्लास्टिकवर घ्यायची आणि ते प्लास्टिक कपड्यांच्या चिमट्यांनी पॅनेलाच्या कडेला अडकवायचं. हे दहाला वाचनालयात जात, एकला जेवायला येत आणि चारपर्यंत घोरत. माझा कारभार अकरा ते साडेतीन. जिन्याची भीती नव्हती. गुडघ्यांमुळे हे वर येतच नसत, सगळं मोबाइलवर बघत.

तिथेच माझं जरा चुकलं.

मोबाइलवर दिवसभरातल्या विजेची रेघ दिसते. सकाळी चढते, दुपारी माथ्यावर जाते, मग उतरते. आमच्या रेघेचा माथाच कुणीतरी खाल्लेला! मास्तर हैराण. आधी म्हणाले, ऊन फार झालं, पॅनेल तापलं की वीज उलट कमीच होते. मग म्हणाले, आरे-वारेच्या समुद्राकडून खारा वारा येतो, त्याचं मीठ काचेवर बसलं असणार. पॅनेलं बसवणाऱ्या गृहस्थांना रत्नागिरीहून तीनदा बोलावलं. ते तिन्ही वेळा सकाळी नऊला आले, वर जाऊन बघून आले, म्हणाले, "सर, सगळं चकाचक आहे." मग चहा घेतला आणि चहाबरोबर माझी पोळी खाल्ली. "काकू, काय सुंदर वाळलीय हो!" म्हणाले. मी म्हटलं, "घ्या की अजून."

हे काही गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. एका रविवारी गणपतीच्या मखराचे उरलेले रंगीत जिलेटीनचे कागद काढले, बागेतल्या दिव्याचं पिटुकलं पॅनेल काढलं, वीज मोजायचा मीटर काढला आणि पडवीच्या पायरीवर प्रयोग मांडला. तीस वर्षं पोरांकडून करून घेतलेला प्रयोग, आता वहीत आकडे लिहायला मी!

नुसत्या उन्हात आकडा भरभरून आला. पिवळा कागद धरला तर थोडासाच उतरला, तांबड्याखाली आणखी जरा, निळ्याखाली मात्र चांगलाच पडला. निळ्यावर दुसरा निळा घातला तेव्हा तर विचारू नका.

"कळलं का?" हे म्हणाले. यांच्या अंगात शाळा संचारली होती. "निळ्या उजेडाचा एकेक कण ताकदवान. पण सिलिकॉन त्यातली हवी तेवढीच ताकद घेतं, उरलेली उष्णता होऊन फुकट जाते. तांबड्याचं तसं नाही, त्यातलं बरंचसं कामी येतं. आणि रंग कुठलाही असो, मुळात उजेडच कमी पोचला तर वीजही कमी."

"बरं," मी म्हटलं.

"आता हे बघ." मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "सोमवार ते गुरुवार वीज घटली, पण मेली नाही. ठार सावली असती तर मेलीच असती. म्हणजे काचेवर काहीतरी पिवळं-केशरी आहे आणि त्यातून उजेड पार जातो. शुक्रवारी मात्र रेघ साफ झोपली. एक पॅनेल पुरतं झाकलं गेलं की रांगेतली बाकीचीही रुसतात. म्हणजे शुक्रवारी काहीतरी जाड आणि गडद होतं."

शुक्रवारी मी कोकमाची सोलं घातली होती. मी वहीतला आकडा उगाच पुन्हा गिरवला.

"ढग असतील," मी म्हटलं.

"केशरी ढग? रोज अकराला येणारे आणि साडेतीनला जाणारे? रविवारी सुट्टी घेणारे?"

रविवारी वाचनालय बंद असतं. मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं. एवढी बुद्धी, सगळं बरोब्बर ओळखलं, फक्त ते आपल्याच घरात शिजतंय हे काही डोक्यात शिरेना! शेवटी मास्तरांनी निष्कर्ष काढला: काचच खराब, दुपारच्या उन्हात पिवळी पडते. आणि बसले तक्रारअर्ज लिहायला.

दुसऱ्या दिवशी अर्ज मला वाचायला दिला. त्यात त्या बिचाऱ्या गृहस्थांना फसवणूक करणारे म्हटलं होतं. माझी पोळी खाऊन गेलेला माणूस, त्याच्यावर माझ्याच पोळीचं बालंट! पण कबूल करावं तर पोळ्या पुन्हा अंगणात, कोंबड्यांच्या पायाखाली, आणि माझं ऊन कायमचं गेलं. वाढताना माझं लक्षच नव्हतं, यांना आमटी दोनदा वाढली.

जेवण झाल्यावर म्हटलं, "अहो, आडवे होऊ नका. वर चला."

"माझे गुडघे..."

"चला म्हणते ना!"

कठड्याला धरून वर आले. चार पॅनेलांवर चार पोळ्या उन्हात चकाकत होत्या, कडेला माझे हिरवे चिमटे. हे बघतच राहिले. मग एका पोळीचं प्लास्टिक उचललं आणि मोबाइलकडे बघत उभे राहिले. आकडा वर गेला. परत ठेवलं, वाट बघितली, आकडा खाली आला. असं चारदा केलं. मला वाटलं, आता कडाडतील.

"इथेच का पण?" त्यांनी विचारलं.

"इथेच वाळतात. स्लॅब पडला तेव्हापासून. तुमची पॅनेलं माझ्या जागेवर बसलीत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का नाही?" माझा आवाज चढला तो चढलाच. "तीस वर्षं पोळी खाल्लीत. कुठे वाळते, एकदा तरी विचारलंत?"

यांनी सुटलेला एक चिमटा उचलून पुन्हा कडेला लावला. मग हळूच म्हणाले, "नाही गो." खिशातून अर्ज काढला आणि माझ्या देखत फाडला.

आठवड्याने ते गृहस्थ पुन्हा आले. मधली दोन पॅनेलं काढून फणसाच्या बाजूला न्यायची, असं यांनी सांगितलं. ते गांगरले. "सर, तिथे सावली आहे. तुमचा आकडा उतरेल हो."

"उतरू दे," हे म्हणाले. "तेवढं ऊन हिचं आहे."

मी ताटं घेऊन जिन्यात उभी होते. डोळे भरून आले, पण ताटं दोन्ही हातांत, पुसणार कशाने?

आता रांगेच्या मधोमध माझी रिकामी जागा आहे आणि पोळ्या तिथे छान वाळतात. पण खोड जात नाही. अधूनमधून मी एक पोळी मुद्दाम पॅनेलावर घालते. थोड्या वेळात वाचनालयातून फोन येतो, "रेघ खाली आली. आज आंबा की कोकम?"

मी म्हणते, वर येऊन बघा. आणि कुरकुरत का होईना, घरी आल्यावर आधी जिना चढतात.