साडभाऊंचं नाव काढलं

एकाच माणसात दोन शास्त्रज्ञ निपजावेत आणि दोघांनाही खुर्ची मिळू नये, असे उदाहरण आमच्या साडभाऊंखेरीज दुसरे नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बेल्लमपल्लीच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि कोळशाच्या धुरळ्याने जिथे कडुनिंबही काळा दिसतो त्या गावात बसून हिरव्या पानांवर लेख लिहीत. मी बोथच्या मंडल कचेरीत हेडक्लार्क. मला याद्यांचे वेड, त्यांना पाल्याचे. दोघांचेही वेड निरुपद्रवी आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

आमच्याकडे येताना त्यांच्या काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असे आणि त्यात बेज्जूरच्या जंगलातून आणलेली पाने. चपला काढायच्या आधी ते आमची गादी उचलून, पाने दाबून वाळावीत म्हणून, गठ्ठा खाली सारत. बायको विचारी, "भाऊजी, गादीखाली पाला काऊन ठेवून राह्यले?" ते शांतपणे सांगत, "पाला नोहे तो, पुरावा हाये." एकदा आमचे तहसीलदार घरी आले होते. चांगले वजनदार गृहस्थ. त्यांना खुर्चीतून उठवून साडभाऊंनी गादीवर बसवले. "साहेब, तुमी जरा इकडं सरका, या कोपऱ्यात दाब कमी पडून राह्यला." साहेबांना तो मान वाटला. ते तासभर हलले नाहीत.

वर्षातून एकदा साडभाऊ गाडीने हैदराबादला जात. तिथल्या एका लायब्ररीत जाडजूड सूची असे, कोणत्या शास्त्रज्ञाच्या लेखाचा उल्लेख जगात कोणी कुठे केला याची. ते दोन दिवस भिंग लावून ती वाचत आणि मला पोस्टकार्ड टाकत: 'जपानने एकदा नाव काढले. कॅनडाने दोनदा.' उल्लेखाला त्यांचा शब्द हाच. कोणी आपल्या मुलाने बापाचे नाव काढले म्हणून सांगू लागला, की हे विचारत, "कोणत्या सालच्या सूचीत?"

त्यांना दोन नावांखाली शोधावे लागे, कारण शास्त्रज्ञ दोन होते. घरचे नाव विठ्ठल गणपत पिंपळकर. पण शाळा तेलुगू. तिथल्या मास्तरांनी आपल्या रिवाजाप्रमाणे आडनावाचे एक अक्षर करून ते पुढे ठेवले, मागे मानाचा राव जोडला आणि दाखल्यावर लिहिले, पी. विठ्ठल राव. बेल्लमपल्लीहून गेलेले वनस्पतींवरचे लेख या नावाने छापले गेले आणि परदेशात राव हेच आडनाव धरले गेले. पुढे चार वर्षे रजा घेऊन ते नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होते. बेज्जूरच्या एका वेलीचा रस कॅन्सरच्या पेशींवर घालून काय होते ते पाहत. तिथला कारकून मराठी, त्याने आडनाव पुरते लिहिले. म्हणून कॅन्सरवरचे लेख पिंपळकरांचे झाले. राव आपल्या लेखात पिंपळकरांचा उल्लेख करत, तेव्हा जगाला वाटे दोघांचे फार सख्य दिसते. साडभाऊ मात्र असे उल्लेख मोजणीतून वजा करत. "आपणच आपलं नाव काढलं, तर ते काय काढणं झालं?"

मग हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली. वनस्पती आणि कॅन्सर, दोन्हींत काम केलेला माणूस हवा होता. असा माणूस आमच्या माहितीत एकच होता, आणि वयाच्या अटीत बसायचे त्याचे ते शेवटचे वर्ष होते. कॉलेजात त्यांच्यापाशी एक सूक्ष्मदर्शक आणि एक गळका नळ. वेलीचे काम तिथे अर्ध्यावर थांबले होते, आणि ती जागा मिळाली तरच ते पुरे होणार होते. अर्जासोबत लेखांची आणि उल्लेखांची यादी जोडायची होती. कचेरीत यादीला आम्ही अजून निजामाच्या वेळचा शब्द वापरतो, तोच त्यांनी वापरला. "फेरिस्त तुमी करा. तुमच्यासारखी कोणाले जमत नाही."

दोन रविवारांत मी फेरिस्त केली. अनुक्रमांक, लेख, साल, नाव कोणी काढले. माझा नियम साधा: दाखल्यावरचे नाव कागदावरच्या नावाशी जुळले तर नोंद घ्यायची, एरवी नाही. पिंपळकरांचे सगळे लेख मी लाल रेघ मारून काढले. शेवटी, मागाहून कोणी ओळ घुसवू नये म्हणून, कचेरीच्या शिरस्त्याने लिहिले: 'यादी समाप्त. याखेरीज अर्जदाराचे काही नाही.' साडभाऊंनी न वाचता सही केली. माझ्या यादीवर त्यांचा तेवढा भरवसा होता.

मुलाखतीत त्यांना विचारले, की वनस्पतींवरचे काम उत्तम आहे, पण कॅन्सरवर काहीच दिसत नाही. नागपूरचे ते पिंपळकर, त्यांचे तरी वाचले आहे का?

"तो मीच," साडभाऊ म्हणाले.

समितीतल्या एकाने माझी फेरिस्त उलटली आणि शेवटची ओळ वाचून दाखवली.

हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या बसने ते परस्पर आमच्याकडे आले. काखेत गठ्ठा नव्हता. झाले ते सांगून त्यांनी विचारले, "पिंपळकरांचं काय केलं तुमी?"

"नाव जुळत नव्हतं. म्हणून काढलं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जपाननं काढलं, कॅनडानं काढलं. तुमीच राह्यले होते."

बायकोने विचारले, "आता काय करता भाऊजी?"

"काय नाही. पिंपळकर वारले म्हणून कळवून टाकतो."

माझ्याच कचेरीत तेव्हा एक दाखला रोज निघे. जमिनीच्या कागदात एक नाव आणि रेशनकार्डात दुसरे, अशा लोकांसाठी: 'दोन्ही नावांचा इसम एकच.' तो मीच टाइप करी. साडभाऊंच्या अर्जाला तो जोडावा हे मला सुचले नाही. एवढा शिकलेला माणूसही इसमच असतो, हे ध्यानात आले नाही. माझ्या चुकांची मी यादी ठेवत नाही. ठेवली असती तर पहिला अनुक्रमांक हा.

त्यानंतर ते सूची बघायला गेले नाहीत आणि पोस्टकार्डे बंद झाली. एकदा परदेशातल्या एका बाईंचे रावांना पत्र आले: पिंपळकर हल्ली लिहीत नाहीत, त्यांचा पत्ता कळवाल का? साडभाऊंनी ते मला पाठवले, वर लिहून, 'पत्ता तुमीच कळवा. फेरिस्त तुमच्यापाशी हाये.' वेलीचे काम अर्धेच राहिले. निवृत्त होऊन ते बोथलाच राहायला आले आणि तिसऱ्या वर्षी गेले.

महिन्याभराने मेव्हणी कचेरीत आली. हातात रेशनकार्ड होते. "यांचं नाव काढायचं हाये," ती म्हणाली. कार्डावर पिंपळकर होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर पी. विठ्ठल राव. माझ्या हाताखाली तयार झालेल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मी शिकवले होते तसेच म्हणाला, "सर, नाव जुळत नाही."

मी त्याला उठवले आणि स्वतः मशीनवर बसलो. दोन्ही नावांचा इसम एकच. पाच मिनिटे लागली.

दाखल्याची एक नक्कल मी घरी नेली आणि गादी उचलून खाली सारली.

"हे काय ठेवून राह्यले?" बायकोने विचारले.

"पुरावा हाये," मी म्हटले.