खडियाचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही!

रायपूर नुकतं छत्तीसगडची राजधानी झालं होतं, शहरात नुसती लगीनघाई. बुढापारा मोहल्ल्यातल्या छपाईच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर टाइप करायचो. एक दिवस काम आलं — आदिवासींच्या खडिया भाषेतलं मुलांचं पहिलं पुस्तक. पहिलं! आणि माझ्या हातून! जशपूरकडच्या शिक्षिका सुषमादीदी दोन महिने शेजारी बसून वहीतली एकेक ओळ वाचायच्या, मी टाइप करायचो. त्या भाषेत काही शब्द घशातच थांबतात, पटकन दार लावावं तसे. तिथे अक्षराखाली दीदींनी एक बारीक रेघ योजली होती. किती सोपी, किती हुशारीची! मी हरखून गेलो होतो.

पण ती रेघ माझ्या फॉन्टमध्ये नव्हती. एकेक हाताने बसवायची — नि काम देणाऱ्या सरकारी साहेबांना पुस्तक राजधानीच्या समारंभाआधी हवं. मग ठरलं, हॉलमध्ये सगळ्यांसमोर परीक्षा घेऊ. खडिया न येणाऱ्याने बिनरेघेचं पान वाचायचं. दीदींच्या गावाहून आलेल्या खडिया म्हाताऱ्यांना ते ऐकून कळलं, तर रेघ कशाला? आणि असा माणूस कोण? मीच!

काय थाटात वाचलं मी! म्हातारे हसले, पुढची ओळ त्यांनीच म्हटली, हॉलभर टाळ्या. दीदींनी माझे दोन्ही हात धरले. "भैया, आप तो हमारे निकले! हटा दो लकीर."

घरी बायको म्हणाली, "एवढे काहून खूश होऊन राहिले तुम्ही?" मी तिला टाळ्यांचं सांगितलं. फक्त टाळ्यांचं.

कारण — कसं सांगू? — मी ते पान वाचलंच नव्हतं. दोन महिने ऐकून ते मला तोंडपाठ होतं, कुठे थांबायचं तेही. मी नुसतं बोट फिरवत होतो. परीक्षा खोटी होती, हे तेव्हाच ठाऊक होतं मला. टाळ्या हव्या होत्या, आणि रेघा बसवायचा कंटाळा होता.

पुस्तक निघालं. वर्षभराने दीदींचं पत्र आलं. मुलं पानोपानी अडखळतात, शब्द ओळखूच येत नाहीत त्यांना. "शायद मुझे ही पढ़ाना नहीं आता, भैया."

मी लगेच उत्तर लिहिलं. लिहिलं — "दीदी, थोड़ी मेहनत और कीजिए."