फोटोखालची ओळ

दुपारचं जेवण झालं की पुंडलीकबाब कारापूरकर डाव्या कुशीवर पडतात आणि सुनेला सांगतात, "झोपत नाही हं, नुसता पडतोय." एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला एवढं खोटं माफ असतं. फोंड्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वर पंखा फिरतोय, आत सून भांडी आवरतेय. भांड्यांचा आवाज लांब लांब जातो. जाता जाता त्याचा खडखडाट होतो, आणि तो खडखडाट ओळखीचा निघतो. छापखान्याचा आहे.

ते आपल्या जुन्या टेबलाशी बसलेत. अंगात तेविसाव्या वर्षीचा शर्ट आहे आणि तो सैल होतोय. टेबलावर एक फोटो, अजून ओला. समोर, जिथं संपादक उभे राहायचे तिथं, द्वारका उभी आहे. त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

"कशे आसात?" ती विचारते.

"बरा आहे," ते म्हणतात.

ती कोकणीत बोलायची, हे मराठीत उत्तर द्यायचे. पन्नास वर्षं संसार असाच चालला आणि एकाही भांडणाला दुभाषा लागला नाही. आपण तिचं बोलणं मराठीतच ऐकू.

"हा तोच फोटो ना?" ती वाकून बघते.

तोच. सदुसष्ट सालच्या जानेवारीतला. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा, असा कौल तेव्हा गोंयकारांना विचारला होता. जावा म्हणणाऱ्यांची निशाणी फूल, राहावा म्हणणाऱ्यांची दोन पानं. घरंच्या घरं दुभंगली. पुंडलीकबाब फुलाच्या बाजूच्या दैनिकात उपसंपादक, आणि मडगावकडचे त्यांचे सासरे दोन पानांचे कट्टर. दोन पानं जिंकली. मग काय, वर्तमानपत्रांना ऊत आला. एकाला समोरचे सगळे मतदार बहकलेले दिसू लागले, दुसऱ्याला विकले गेलेले. मत दिलेलं साधं माणूस कुणालाच दिसेना.

"संपादकांना रडणारा मतदार हवा होता," पुंडलीकबाब म्हणतात. "फोटोग्राफरनं हा आणून टाकला."

फोटोत शाळेच्या अंगणातली मतदानाची रांग आहे. एक बाई पाठमोरी, मान जराशी वळलेली, पदर डोळ्याला लावलेला. अंबाड्यावर अबोलीची फाती, गजऱ्यासारखी भरगच्च, एकेक फूल बोटानं बसवलेलं.

"मला ओळखलंत तुम्ही तेव्हा?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"मानेवरून ओळखलं," ते सांगतात. "फाती बघायची गरजच नव्हती."

"आणि तरी लिहिलंत."

लिहिलं. 'फूल हरले, डोळे पाणावले.' ओळ सुचली आणि बायको दिसेनाशी झाली. अबोली ती रोजच माळायची, कौल असो नसो. डोळ्यात अंगणातला धुरळा गेला होता. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण ओळ फार चांगली जमली होती, आणि तेविसाव्या वर्षी चांगली ओळ टाकून द्यायला जे काळीज लागतं ते त्यांच्याजवळ नव्हतं.

खडखडाट थांबतो. ते टेबलावरून हात उचलतात तर हात ओल्या मातीला लागतो. हे तिच्या माहेरचं परसू. केळी, विहीर, अबोलीचा वाफा. घरात चवथीची, गणपतीची आरती चाललीय. देवावर माटोळी टांगलीय, फळाफुलांनी वाकलेली. दार मात्र लावलेलं आहे.

"जाऊया आत," पुंडलीकबाब म्हणतात.

"बोलावलं नाही," द्वारका म्हणते.

ती वाफ्याशी बसते. "तुमचा पेपर माझ्या आबांनी घडी घालून देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. म्हणाले, पोर मला एक सांगून गेली आणि भलतंच करून आली, वर रडलीही. तीन चवथी मला बोलावणं आलं नाही. चौथीला आबाच नव्हते."

"मला ठाऊक आहे गो."

"मी तुमच्याकडे दोन ओळी मागितल्या होत्या. 'ही बाई रडत नव्हती', एवढंच. तुम्ही म्हणालात, पेपरात असं नसतं."

त्यानंतर तिनं फूल माळलं नाही. हळदीकुंकवाला बायका अबोली पुढं करायच्या, ती हातात घ्यायची आणि घरी येऊन देवाला वाहायची. नवरा धडधाकट असताना हे काय, म्हणून सासू टाकून बोलायची, तेही तिनं ऐकून घेतलं. तिची ती मोकळी मान पुंडलीकबाबांनी पन्नास वर्षं रोज पाहिली. एकदा तरी त्या मानेवर फाती बघावी, एवढी एकच इच्छा धरून ते म्हातारे झाले. ती गेली त्या दिवशी बायकांनी तिला फुलं माळली, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले.

"एक विचारू?" ते म्हणतात. "मत कुणाला दिलं होतंस?"

द्वारका हसते. तिचं ते तोंड मिटून हसणं! त्यासाठी माणसानं रोज दुपारी झोपावं.

"पेटीत टाकलं. तुमच्या हातात द्यायचं असतं तर सरकारनं पेटी कशाला ठेवली असती?"

"आता तरी सांग."

"तुम्ही अजून तेच विचारताय. आबांनीही तेच विचारलं, शेजाऱ्यांनीही." ती फोटो त्यांच्यापुढं धरते. तो कधी तिच्या हातात आला कोण जाणे. मग आपल्या भाषेत विचारते, "म्हजें नांव खंय?"

पुंडलीकबाब बघतात. ओळ आहे, चांगली जमलेली. नाव कुठंच नाही.

"नाव घातलं असतं," ती म्हणते, "तर तुमच्या हातून ती ओळ लिहूनच झाली नसती. होय ना?"

ती केळीच्या सालीचा ओला धागा सोलते आणि त्यांच्या डाव्या तर्जनीला त्याचं टोक बांधते. "धरा हे. ताणून धरा. एकटीला गुंफता येत नाही." परडीतली अबोली ती एकेक करून गुंफू लागते. ते धागा धरून बसतात. हात भरून येतो, तरी हलवत नाहीत. आत आरती संपते, कुणीतरी कडी काढल्याचा आवाज येतो. द्वारका मान वाकवते आणि फाती अंबाड्याकडे नेते.

"थांब, मी माळतो—"

"बाबा, चहा."

सून दारात आहे. पंखा फिरतोय. पुंडलीकबाब उठतात, चष्मा लावतात, कॅलेंडरचं जुनं पान पालथं करतात आणि लिहितात: 'या फोटोतील बाईंचे नाव द्वारका पुंडलीक कारापूरकर. त्या रडत नव्हत्या. त्यांनी मत कुणाला दिले हे आम्हाला माहीत नाही.' पुन्हा वाचतात. एकही शब्द बदलावासा वाटत नाही.

"बाबा," सून चहाचा कप ठेवता ठेवता थबकते. या तिसऱ्या मजल्यावर केळ नाही, कुंडीसुद्धा नाही. "बोटाला हे काय बांधलंत? ओलं आहे."

पुंडलीकबाब डावा हात उचलून बघतात. मग तो तसाच, जरा ताणून, समोर धरून ठेवतात.

"सोडू नकोस," ते म्हणतात. "तुझ्या सासूनं धरायला दिलंय."