उखळाला वळसा

जकेयू पाठीवर पोर बांधून हिंडतो, ही गोष्ट आमच्या गावाच्या गळी उतरायला अख्खी सुगी गेली. पाठीवर पोरं बांधायची बायकांनी. पुरुषांनी बांधायची ती सायकलला मक्याची पोती. पण जकेयूनं मेलेल्या बायकोचं चितेंजे काढलं, तेच ते कमरेला गुंडाळायचं छापील कापड, निळं, त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या कोंबड्या. त्यात पोरीला बसवलं, छातीवर गाठ मारली आणि गडी लव्हाळ्याच्या चटया विणायला बसला.

"काय रे जकेयू, दूधबीध पण येतं का तुला?" शेजारची दोरिका पाण्याच्या पंपावरून ओरडायची.

"आलं असतं तर तुझ्या दारात कशाला उभा राहिलो असतो, वहिनी?"

दोरिकानंच आपल्या पोराबरोबर या पोरीलाही पाजलं होतं, त्यामुळे तिच्या जिभेला सगळं माफ होतं.

पोरीचं नाव सेकेरानी, म्हणजे हसा, आनंद करा. नाव ठेवलं आईनं, आणि पोर अजून मानही धरत नव्हती तेव्हाच ती आई, एनिफा, तापानं गेली.

आता आमच्याकडची रीत अशी, की नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. पोरं आईच्या कुळाची, आणि त्यांचा धनी मामा. बायको गेली, सुतक फिटलं, की जावयाच्या हातात कोंबडी देतात आणि तो मोकळा होऊन आपल्या आईच्या गावी जातो. त्याला कुणी हाकलत नाही. पाऊस सरला की ओढा आटतो, तसंच ते.

जकेयूला कोंबडी द्यायला एनिफाचा थोरला भाऊ चिम्वाला आला, तेव्हा जकेयूनं हात पुढे केलाच नाही. पाठीवरची पोर तेवढी सावरून घेतली.

चिम्वाला वाईट माणूस नव्हे. बराच वेळ आंब्याच्या मुळीवर बसून त्यानं तंबाखू मळली. मग म्हणाला, "पाव्हणं, पाठीवरचं पोर ओढून काढू नये. राहा तुम्ही. पण ज्या दिवशी ही तुमच्या उंबऱ्यावरून आपल्या आजीच्या उंबऱ्यापर्यंत स्वतःच्या पायानं जाईल, त्या दिवशी तुमचं काम संपलं. कबूल?"

"कबूल," जकेयू म्हणाला. त्याला काय, पोर तेव्हा भोपळ्याच्या बीएवढी. चालणं म्हणजे डोंगरापलीकडची गोष्ट.

पण पोरं कुणासाठी थांबतात? सेकेरानी पालथी पडली, तेव्हा जकेयूनं पंपावर जाऊन सगळ्या बायकांना सांगितलं. दात आला, तर ज्याला त्याला बोट चावून घ्यायला लावलं. रांगायला लागली, तर हा तिच्यामागं रांगतोय! चटईच्या कडा वाकड्या जायला लागल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली, पण याच्या तोंडावरचं हसू काही हलेना.

मग एका दुपारी, मका निसवून तुरे दिसायला लागले होते तेव्हा, पोर लव्हाळ्याच्या भाऱ्याला धरून उभी राहिली. भारा सोडला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि धपकन बापाच्या मांडीवर येऊन पडली.

जकेयूनं टाळी वाजवली. ती टाळी अर्धीच राहिली. त्यानं उठून आधी दार लोटलं.

त्या दिवसापासून चार भिंतींत पोर चालायची, आणि उन्हात आली की पाठीवर. ती लाथा झाडायची, बापाच्या मानेवर मुठी आपटायची. जकेयू गाठ आणखी आवळायचा आणि म्हणायचा, "खाली तापलंय गं माझे आई, पाय भाजतील."

दोरिकाचा मुलगा तोवर कोंबड्यांमागं धावायला लागला होता. "एकाच दुधावरची दोघं," दोरिका म्हणाली. "हिला काय मुंग्यांनी वारूळ बांधेपर्यंत पाठीवर ठेवणार आहेस का?"

"पायात जोर नाही गं अजून," जकेयू म्हणाला. मनात नसताना तोंडातून निघालेलं ते वाक्य सासूच्या अंगणात जाऊन पोचलं.

सासू, नाफिरी. बोलायला कमी, ऐकायला जास्त. दुसऱ्या दिवशी ती जंगलात गेली आणि कसल्या कसल्या कडू मुळ्या खणून आली. रोज सकाळी मुळ्या उकळायच्या, पोरीला मांडीवर घ्यायचं आणि पाय चोळायचे. ते गुबगुबीत, ठणठणीत पाय! जकेयू समोर बसून लव्हाळी सोलायचा आणि त्याला वर बघवायचं नाही.

"एनिफाच्या पायावर शेवटी सूज होती," नाफिरी एकदा चोळता चोळता म्हणाली. "तेच उतरलं असेल हिच्यात. मी तेव्हाच मुळ्या आणायला हव्या होत्या. माझंच चुकलं."

"तसं नाही हो, सासूबाई."

"राहू द्या, जावईबापू. लेक पोचवली मी मातीत. हिला पाठीवर वागवीन, माझी पाठ टिकेल तोवर." आणि तिनं आपल्या चितेंजेच्या टोकानं पोरीचे तळवे पुसले, पाणी सांडलं नव्हतं तरी.

जकेयू त्या दिवशी न्सिमा खायला बसला. मक्याच्या पिठाचा गोळा हातात तसाच थंड झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आपल्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. समोर नाफिरीच्या अंगणात बायका मका कांडत होत्या, दोरिका होती, चिम्वालाही आंब्याखाली होता. जकेयूनं छातीवरची गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना. पोरीला त्यानं खाली ठेवलं.

"जा," तो म्हणाला.

सेकेरानी निघाली. मधे कांडणाचं उंच लाकडी उखळ उभं होतं, त्याला तिनं हात लावून नीट वळसा घातला, कोंबडीला हुसकावलं, आणि आजीच्या गुडघ्याला जाऊन मिठी मारली.

बायका कांडायच्या थांबल्या. जकेयूनं तोंड उघडलं. सगळं सांगायचं, असं ठरवूनच तो आला होता.

त्याच्या आधी नाफिरी ओरडली, "आला! माझ्या मुळ्यांना गुण आला!" आणि बायकांनी गलका करून आभाळ डोक्यावर घेतलं. त्या गलक्यात ती जावयाजवळ आली. हळूच म्हणाली, "पहिल्यांदा चालणारं पोर उखळाला वळसा घालत नाही, जावईबापू. ते उखळावर आपटतं."

जकेयू सुटलेल्या चितेंजेची घडी घालायला लागला.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"मका निसवत होता तेव्हापासून."

नाफिरीच्या डोळ्याला पाणी आलं. रागाचं होतं की सुटकेचं, तिचं तिलाच ठाऊक. "आणि मी वेडी पाय चोळत बसले," म्हणाली, आणि तशा रडण्यातच हसली. पण राहा, असं म्हणाली नाही. म्हणणं तिच्या हातात नव्हतं.

चिम्वालानं कोंबडी आणली. या वेळी जकेयूनं हात पुढे केला.

निघताना त्यानं चितेंजेची घडी नाफिरीला दिली. तिनं ती परत त्याच्या खांद्यावर टाकली. "पोरीला आता नको ते. ती बसायची नाही त्यात."

सेकेरानी त्याच्यामागं धावली, पार वडापर्यंत. तिथं दोरिकाचा मुलगा शेळीच्या पिल्लाचे कान ओढत होता. ते बघून ती थबकली, आणि कान ओढायला तीही गेली. जकेयूनं हाक मारली नाही. आपल्या आईच्या गावाकडं, डेड्झाच्या वाटेनं तो जात राहिला, पाठीवर काही नसताना थोडा पुढं वाकून, जशी त्याला सवय लागली होती तसा.

पोरीचे पाय आज सगळ्या गावात दणकट आहेत. नाफिरीच्या मुळ्यांचा गुण, असं लोक म्हणतात. नाफिरी म्हणू देते.