कापसाच्या खोलीत माझी नात

आमच्या घरात माणसापेक्षा कापूस मोठा. मधल्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. होळी आली तरी भाव चढला नाही म्हणून पोरगा विकत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडू नये म्हणून खिडकीला पोतं ठोकलेलं. कापसात चपलेनं जायचं नाही, ती लक्ष्मी. आणि त्याच लक्ष्मीवर गोधडी टाकून माझी सहा वर्षांची नात झोपायची. दुसरी जागाच उरली नव्हती.

गावातले लोक सांगतात, आम्ही पण लहानपणी कापसावरच लोळलो. लोळलो, खरं आहे. पण तेव्हा कापूस चार दिवस घरात राहायचा, मग बैलबंडीत भरून जिनिंगला जायचा. इतकी फवारणीही नव्हती. आता तो महिनोन्‌महिने पडून राहतो, त्यात बारीक किडे होतात, घरभर खाज सुटते. मोठी माणसं पोट खाजवत भावाच्या गोष्टी करत बसतात. पाहून किळस येते.

त्याच खोलीच्या भिंतीला लागून चूल. सिलिंडर आहे, रिकामं, त्यावर कळशी ठेवतात. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीचीच वाळलेली झाडं, हंगामभर फवारलेली. धूर जायला एक खिडकी होती, तिला पोतं. माझी बुढी या चुलीपुढं जन्मभर खोकली आणि मागच्या पोळ्यानंतर गेली. लोक म्हणाले, वय झालतं. तेरवीचं जेवले अन् गेले. वय तर माझं तिच्याहून जास्त. मी गोठ्यात बैलांजवळ झोपतो म्हणून उरलो, दुसरं काही नाही.

संक्रांतीपासून नातीच्या अंगावर फोड आले. बोटांच्या बेचक्यात, मानेवर, पोटावर. शाळेतल्या लेकरांनी तिचं नाव खाजरी ठेवलं. त्यांच्या आयांनी मॅडमजवळ कटकट केली, मॅडमनं पोरीला घरी पाठवलं. बरी झाली की आणा. घरी म्हणजे कुठं? त्याच खोलीत. सून दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायची. पोरगा चौकात जायचा आणि जाताना सांगायचा, "बेटा, कापसापाशी बसजो. शेळी आली त हाकलजो." आजारी लेकराला राखणीला बसवलं. मग तिला धाप लागायला लागली. श्वास ओढताना गळ्याखाली खड्डा पडायचा. बुढीलाही तसाच पडायचा.

पोरीला घेऊन सुनेसोबत मी डॉक्टरकडे गेलतो. त्यानं मलम दिलं, बाटली दिली. मी म्हटलं, घरात कापूस आहे साहेब. तो हसला. "काकाजी, इथं कोणाच्या घरी नाही?"

घरी येऊन पोराला म्हटलं, "कापूस काढ."

"भाव येऊ द्या, बाबा."

"पोरगी मरन."

"बुढी गेल्यापासून तुमाले जो तो मरतानीच दिसते." भाकर मोडता मोडता म्हणाला. आपल्या आईबद्दल.

मी पोरीची गोधडी उचलली आणि गोठ्याकडे निघालो. सून मागं आली. "मामाजी, गोठ्यात? लोकं काय म्हनतीन?"

"लोकायच्या गळ्याखाली खड्डा पडते काय?"

ती आत जाऊन दुसरी गोधडी घेऊन आली.

शेजारीण दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाली, "काय काकाजी, नातीले दावणीले बांधलं म्हनते?"

"बैल बरे," म्हटलं. "भाव पाहत नाहीत."

पोरीला गोठा मानवला. एकदा बैल खांबाला मान घासत होता. ती म्हणाली, "आबा, ह्यालेबी खाज हाये?"

"गोचीड लागली असन."

"मंग ह्याले शाळेत नाही घेनार."

हळूहळू फोड सुकले. धाप कमी झाली. ती परत शाळेत जायला लागली. मला वाटलं, आता तरी पोराचे डोळे उघडतील. त्यानं काय केलं? शेताच्या कडेला उरलेली फरदड, म्हणजे शेवटचा हलका कापूस, आणला आणि मधल्या खोलीत पोरीच्या आधीच्या झोपायच्या जागेवर भरला. म्हणाला, "बरी झाली ना ते? मंग आता कापूस कायले हलवाचा?"

गोठ्याला तीन भिंती. पावसाळ्यात झड आत येते. पोरगा म्हणायचा, तेव्हा घेऊ तिला आत, कापसात ऊब राहते. म्हणून मी चौथ्या बाजूला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कुड बांधायला घेतला. सून मजुरीवरून आली की शेणमातीनं लिंपायची. पाठ दुखते म्हणायची, पण लिंपायची. दाराची आणि वरच्या झरोक्याची जागा मी मोकळी ठेवली.

काल कुड पुरा झाला. पोरगा आला, हातानं दाबून पाहिला, वर टिनाच्या छपराकडे पाहिलं.

"मजबूत झाला, बाबा. पुढच्या साली इथं निम्मा कापूस आरामात मावन."

मी पोरीची बाज उचलून गोठ्याच्या मधोमध टाकली आणि बाजेवर बसलो. तो उभा राहिला, थोडा वेळ पाहिलं, चौकात निघून गेला. पोरगी शाळेतून येईपर्यंत मी तिथून उठलो नाही.