गोऱ्यांना जात नसती

भोरच्या एसटी स्टँडवर मी पत्रकं वाटत होते. विषय होता गोऱ्या कातडीचे फायदे. परदेशात काळ्या माणसाला पोलीस कसे अडवतात, त्याला भाड्यानं घर कसं मिळत नाही, अर्जावरचं नाव बघूनच तो कसा बाजूला पडतो. मजकूर माझा, शीर्षकही माझंच, ठळक अक्षरात: 'गोऱ्यांनो, आधी स्वतःकडे बघा!' एका म्हाताऱ्या बाबांनी पत्रक घेतलं, चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि विचारलं, "पोरी, हितं कोण गं गोरं?"

"बाबा, हा विचाराचा प्रश्न आहे."

"व्हय, व्हय," म्हणाले आणि पत्रकात तंबाखू बांधून निघून गेले.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. राग अजून आहे, फक्त त्याचा पत्ता बदललाय.

राजगडाच्या पायथ्याला माझी मावशी राहते. गावाचं नाव सांगत नाही. गड चढायला आला असाल तर कदाचित तिच्याकडे जेवूनही गेला असाल. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, वर ताक. गावातल्या बऱ्याच घरांत ट्रेकवाल्यांना असं जेवण मिळतं. भांडणं नकोत म्हणून बायकांनी नंबर लावलेत, आजचा ग्रुप हिच्याकडं, उद्याचा तिच्याकडं. फोन मावशीला येतात. बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही तिच्याच हातात. शहरातल्या लोकांना शुद्ध भाषेत उत्तरं लिहून द्यायला म्हणून मी त्यात होते.

या नंबरात एक घर नव्हतं. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती आहे, तिथं माझी मैत्रीण राहते. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, आता एकाच संघटनेत आहोत. तिनं यंदा पुढच्या खोलीला फरशी घातली, पाहुण्यांसाठी वेगळा संडास बांधला, भांडी आणली. नवरा पुण्यात कंपनीत आणि तिला गावातच काहीतरी उभं करायचंय. मागणी एवढीच, इतरांसारखा नंबर. मावशीला तिनं परत परत विचारलं आणि दर वेळी मावशी म्हणाली, "बघू की." या 'बघू की'चा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही कळतो.

म्हणून मी तावातावानं निघाले. नसरापूरला गाडी बदलली, मार्गासनीला उतरून जीप धरली, वाटभर मनात भाषण जुळवत होते. मी मराठ्याची, मावशीची सख्खी भाची, मला कोण नाही म्हणतंय?

पोचले तर मावशीच्या चुलीपाशी एक गोरी बाई पाटावर बसलेली. भाकरी थापायला शिकत होती. केसांना पीठ, आणि भाकरीचा पार नकाशा झालेला. मावशी हसून हसून बेजार. "बघ की गं ही! माजी सून बी इतकं मन लावून करत न्हाई!" बाईंनी हंड्यात तांब्या स्वतःच बुडवला, देव्हाऱ्याचा फोटो काढला. सगळं चाललं.

थोड्या वेळानं मैत्रीण आली. मीच बोलावलं होतं. मावशी लगबगीनं बाहेर गेली, "ये की, बस बस," म्हणत ओट्यावर चटई टाकली. नवी चटई. चहाही चांगल्या कपातून दिला. अपमान झाला असं कुणाला म्हणताच येऊ नये इतकं सगळं नीट. फक्त उंबऱ्याच्या आत ये असं कुणी म्हणालं नाही.

मी मावशीला मागच्या परड्यात गाठलं. "ती बाहेर आणि ही आत? ही तिच्या देशात काय काय खाते, माहितेय तुला?"

"खाईना का. गोऱ्यांना जात नसती."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? असती तर आपल्याला कळली नसती व्हय?"

पत्रकातली भाषा सोडून मी कामाचं बोलले.

"मग नंबर दे तिला."

"मी कुठं नको म्हंतीय? पर पुण्याची माणसं इचारत्यात बाई, जेवण कुणाकडंय, आडनाव काय. त्यास्नी न्हाई चाललं तर समद्या गावाचं गिऱ्हाईक तुटंल."

दोष नेहमी पुण्याच्या माणसांचा. पुण्यात गेलं की तोच गावाकडच्या माणसांचा असतो.

मग मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. "बरं, असं कर. परदेशी पाहुणे तिच्याकडं पाठव. त्यांना कुणाच्याही हातचं चालतं."

मावशीचा चेहराच उजळला. "ह्याला म्हंत्यात शिकल्याचा उपेग! गोरी समदी तिच्याकडं. तुजं बी राहिलं, माजं बी राहिलं."

मी जिंकले होते. जवळजवळ नाचतच ओट्यावर गेले आणि मैत्रिणीला सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"कुणाच्याही हातचं म्हंजे?"

"अगं, म्हणजे..."

"न्हाई, सांग की. कुणाच्याही म्हंजे कुणाच्या?"

मी म्हटलं, सुरुवात तर होतेय, पाय तर आत पडतोय, हळूहळू...

"पाय कुठं आत पडलाय? ओट्यावर बसलीय मी. माज्या हातची भाकरी खायला आता इमानातनं माणूस आणायचा व्हय गं, पुढारीण? नसरापूरचा, पुण्याचा, ह्या गावचा न्हाई चालायचा?"

आतून मावशी ओरडली, "आता काय झालं? दिला की नंबर!"

आणि मला राग आला तो मैत्रिणीचा. मनात वाक्य तयारच होतं: एवढं करा, तरी ह्यांचं समाधान नाही. 'हिचं' नाही, 'ह्यांचं'. समोर एकटी मैत्रीण, जिच्या वहीतून मी कॉलेजात उतरवून काढलं, आणि मनात अनेकवचन. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. घरात मीठ कुठं ठेवलंय हे जसं आपोआप माहीत असतं, तसं ते हाताशी होतं.

भोरला मी खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालकिणीनं आडनाव विचारलं, मी सांगितलं, तिनं किल्ली दिली. मैत्रीण विचारायला गेली तेव्हा तीच खोली 'कालच गेली' होती. यावर मी पत्रकही काढलं होतं. त्यात घरमालकीण होती, व्यवस्था होती, मनुवाद होता. किल्ली घेऊन निघालेली मी मात्र त्यात कुठंच नव्हते.

परतताना जीपमधूनच ग्रुपवर लिहिलं: 'मावशीला केलेली सूचना मागे घेते. परदेशी-बिरदेशी काही नाही. खालच्या वस्तीतल्या माझ्या मैत्रिणीला सगळ्यांसारखा नंबर द्या, येईल तो ग्रुप पाठवा. नाहीतर यापुढं उत्तरं मी लिहून देणार नाही, आणि का देत नाही ते विचारणाऱ्याला सांगेन.'

सगळ्यांनी वाचलं. कुणी अंगठासुद्धा दिला नाही. मार्गासनी यायच्या आत मावशीनं मला ग्रुपमधून काढून टाकलं. फोटो कसा पाठवायचा हे अजून मला विचारते, पण माणूस कसा काढायचा हे तिला बरोबर येत होतं.

मी मैत्रिणीला फोन लावला. "काढलं गं मला! सख्ख्या मावशीनं! सरळ काढून टाकलं!"

पलीकडं भांडी वाजत होती. "काढायला आधी घेतलेली तरी होतीस की," ती म्हणाली.

जीप मार्गासनीला थांबली, मी फोन कानाशी धरूनच उतरले.

"बरं, ऐक. रस्त्याला माजी मीच पाटी लावतीय. 'घरगुती जेवण', आन् खाली नाव. तुजं अक्षर बरंय. रंग घेऊन रविवारी ये."

"नुसतं 'ताईंचं घरगुती जेवण' असं लिहिलं तर..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"आडनावासकट," ती म्हणाली. "आन् ते मोठं काढ. जीपमधनं वाचता आलं पायजे."