न्हाणीघराचं बंद दार

माझं लग्न होऊन मी किहीमला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दिवसातून दोनदा कढत पाणी लागायचं. न्हाणीघरातला तांब्याचा बंब तेव्हा नीट चालत नव्हता. मधल्या नळीत काजळी साचली होती, तळाशी पाणी झिरपून निखाऱ्यांवर पडायचं. अलिबागचा तांबट येऊन बघून गेला होता. त्याने अठरा रुपये सांगितले. मामंजी म्हणाले, "एवढ्यात अर्धा नवा बंब येईल," आणि त्याला परत पाठवलं.

त्या सकाळी बाळ पाळण्यात झोपलं आणि वन्सं न्हायला गेल्या. वारा लागू नये म्हणून त्यांनी दार-खिडकी घट्ट लावून घेतली. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं, आतून पाण्याचा आवाज येत नाही.

"वन्सं, पाणी पुरलं ना?"

मी दार ठोठावलं, पुन्हा पुन्हा हाका मारल्या. फटीतून धूरही दिसत नव्हता, नुसता कोंदट, जळका वास येत होता. माझ्या हाका ऐकून मामंजी वाडीतून कोयता घेऊनच धावले. कोयत्याचं पातं फटीत घालून त्यांनी आतली कडी उचकटली.

वन्सं बंबाशेजारी कलंडल्या होत्या. मी लुगडं त्यांच्या अंगावर टाकलं आणि दोघांनी मिळून त्यांना ओढत अंगणात आणलं. मामंजी त्यांचे गाल थोपटत एकच म्हणत होते, "पोरी, डोळे उघड." माझा हात त्यांच्या छातीवर होता. श्वास होता, पण इतका हलका की मला दर वेळी वाटे, हाच शेवटचा. आत बाळ रडू लागलं. उठून जायचा मला धीर होईना.

बऱ्याच वेळाने त्यांना उलटी झाली आणि त्यांनी डोळे उघडले. "डोकं फुटतंय," एवढंच बोलल्या.

दुपारच्या एसटीने मामंजी स्वतः अलिबागला गेले आणि तांबटाला घेऊन आले. नळी साफ करताना पाटीभर काजळी निघाली. तळ पाहून तो म्हणाला, "भोक वाढलंय, काका. आता बावीस होतील."

मामंजींचा चेहरा ताठ झाला. "कशाचे किती, ते सांग."

त्याने भोकाला डाग देणं, पत्रा, मजुरी, सगळं वेगवेगळं सांगितलं. त्यात तोटी बदलण्याचे दोन रुपये होते. मामंजींनी तोटी फिरवून दाखवली. ती धड होती. तांबट म्हणाला, "बरं, वीस." मामंजींनी मान हलवली.

बंब पुन्हा छान पेटू लागला. मामंजींनी न्हाणीघराच्या भिंतीत वर एक झरोका पाडून घेतला. तरी सासरी जाईपर्यंत वन्संनी चुलीवरचंच पाणी घेतलं, आणि त्यांची अंघोळ होईस्तोवर मला दाराबाहेर बसून बोलत राहायला लागायचं.